चिंगीच्या पाठीवरचे आठ टाके

चिंगी आमची डॅशहुंड, सहा वर्षांची. या जातीत मणक्यांमधली चकती लवकर कडक होते आणि एखाद्या दिवशी सरकून मज्जारज्जूवर दाब देते. आम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. पलंगावरून उतरताना ती किंचाळली आणि संध्याकाळपर्यंत मागचे पाय फरफटत ओढायला लागली.

जालन्यातल्याच एका ओळखीच्याने नंबर दिला. 'डॉक्टर' सकाळी घरी आला, एक्स-रे काढून आणला आणि त्यावर बोट ठेवून म्हणाला, "दादा, इथं नस दबलीय. आजच ऑपरेशन केलं नाही तर कायमची लुळी." माय रडायला लागली. मी ४०,००० रुपये मोबाइलवरून भरले, तेही त्याच्या भावाच्या खात्यावर. पावती "नंतर देतो" म्हणाला. पाऊण तासात चिंगी परत, पाठीला पट्टी.

साध्या एक्स-रेत मज्जारज्जू दिसतच नाही. नेमकी जागा एमआरआय किंवा सीटीत कळते, मग मणक्याच्या एका बाजूचं हाड कोरून चकतीचा माल काढतात. मात्र घाई करायला हवी, हे तो खरंच बोलला होता, आणि त्यामुळेच आमचा विश्वास बसला. पाय गेले तरी वेदना कळत असेल, तर वेळेत ऑपरेशन झाल्यावर बहुतेक कुत्री पुन्हा चालतात. वेदनाही गेली की आशा निम्म्यावर येते.

चौथ्या दिवशी फरक नाही म्हणून त्याला बोलावलं. त्याने चिंगीचं बोट चिमट्यात दाबलं, तिने पाय आखडला. "बघा, सुधारतेय!" पण पाय आपोआपही आखडतो. दुखलं तर कुत्रं मान वळवून बघतं, ओरडतं. चिंगी शांतपणे माझ्या तोंडाकडे बघत होती.

सहाव्या दिवशी परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी जखम तपासली. टाके फक्त कातडीला होते, खालचा स्नायू शाबूत, हाडाला हातही लागलेला नव्हता. तोवर वेदनेची जाणीव गेली होती.

राज्य पशुवैद्यक परिषदेच्या नोंदणीत त्याचं नाव नाही. चिमट्याला हात लावू देण्याआधी नोंदणी क्रमांक मागायला दोन मिनिटं लागली असती. कुणाचंही कुत्रं असं पडलं, तर आधी तो क्रमांक मागा आणि त्याच दिवशी कॉलेज गाठा.

पोलिसांत तक्रार दिली आहे. चिंगीची लघवी आम्ही दिवसातून चार वेळा पोट दाबून काढतो. पहाटेची पाळी मायची.