ब्लूटूथवाली ओबीडी डबी: बडोद्यात वर्षभर वापरल्यावर

निकाल आधीच सांगून टाकतो: घ्या. पण जाहिरातीतलं 'एका टिचकीत बिघाड शोधा' मनात धरून घेतलीत, तर पंधरा दिवसांत ती ड्रॉवरमध्ये जाऊन पडेल. ओबीडी म्हणजे ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स, गाडीने स्वतःचे बिघाड स्वतःच टिपून ठेवायची सोय. गाडीच्या कॉम्प्युटरला काय खटकतंय तेवढं ही डबी मोबाइलवर ऐकवते. का खटकतंय ते आपल्याला नाहीतर मिस्त्रीला शोधावं लागतं. एवढं कळलं की तिचे पैसे एकाच गॅरेज-फेरीत वसूल होतात. माझे झाले.

माझी गाडी २०१५ची पेट्रोल हॅचबॅक, मागाहून बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलेली. घर दांडिया बाजारात, नोकरी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत. म्हणजे रोजचं धावणं गर्दीतलं, गिअर एक-दोनमधलं. मधूनमधून मुंबई किंवा नाशिक. जुनी गाडी, वर बाहेरचं किट, त्यामुळे चेक इंजिनचा पिवळा दिवा आमच्या घरात कुळाचारासारखा पाळला जातो. दरवेळी गॅरेजमध्ये नुसतं स्कॅन करायचे ५०० रुपये मागायला लागले, तेव्हा ही डबी मागवली.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या आसपास १६ पिनांचं एक सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६ पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं. आपल्याकडे ओबीडी-२ आलं एप्रिल २०१३ पासून, त्यामुळे त्यानंतर बनलेल्या पेट्रोल-डिझेल गाडीत ही डबी बहुतेक चालतेच. डबीच्या पोटात ईएलएम३२७ नावाची चिप असते, निदान तसं खोक्यावर लिहिलेलं असतं. मूळ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. तिच्या पहिल्या आवृत्तीला नकलेपासून संरक्षणच नव्हतं, आणि त्यातून जगभर स्वस्त नकलांचा पूर आला. मूळ कंपनीने २०२२मध्ये दुकानही बंद केलं. गंमत म्हणजे बाजारात जिकडेतिकडे 'आवृत्ती १.५' म्हणून विकली जाणारी चिप मूळ कंपनीने कधी काढलीच नव्हती.

मी आधी स्वस्तातली, पाचशे-सहाशेवाली घेतली. कोड, म्हणजे गाडीने टिपलेला बिघाडाचा नंबर, वाचणं आणि उडवणं, म्हणजे पुसणं, ती करायची, पण आकडे सरकायचे गोगलगायीच्या चालीने, आणि दोनचार मिनिटांनी ब्लूटूथ गळून पडायचं. ब्लूटूथ जोडायचा पासवर्ड १२३४. म्हणजे सिग्नलवर शेजारच्या रिक्षातला पोरगाही जोडू शकेल. नंतर दोन हजारांच्या आतबाहेरची घेतली, ती टिकून आहे. नुसते कोडच बघायचे असतील तर स्वस्त डबी पुरते. धावत्या गाडीतले आकडे बघायचे असतील तर नाही पुरत, आणि खरी मजा त्या आकड्यांतच आहे. अ‍ॅप म्हणाल तर 'टॉर्क' आणि 'कार स्कॅनर' दोन्ही वापरली. दिसायला टॉर्क जुनाट, पण माझं बोट अजून तिकडेच जातं.

आता सीएनजीचा किस्सा, कारण बडोद्यात निम्म्या गाड्या गॅसवर आहेत आणि हा त्रास अनेकांना असणार.

दिवा लागला. कोड आला पी०१७१, म्हणजे इंजिनला हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय. गॅरेजमध्ये कोड दाखवल्याबरोबर निदान झालं, "ऑक्सिजन सेन्सर गयो छे, साहेब, बदलवुं पडशे." खर्च चार-साडेचार हजार. हा कोड आला की ऑक्सिजन सेन्सर बदलायचा, ही आपल्याकडची प्रथाच आहे. पण त्या बिचाऱ्या सेन्सरने चुगली केली म्हणजे चोर तोच, असं थोडंच असतं?

घरी येऊन अ‍ॅपमध्ये फ्युएल ट्रिम उघडलं. हे प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. धुरात ऑक्सिजन जास्त दिसला की कॉम्प्युटर इंधन थोडं वाढवतो, कमी दिसला की कमी करतो. चहा पातळ लागला की पुढच्या आधणात पावडर वाढवावी, तसं. ही वाढ-घट टक्क्यांत दिसते. एक तात्पुरती, क्षणाक्षणाला हलणारी. दुसरी लांब पल्ल्याची, सवयीची. उणे-अधिक १०च्या आत असेल तर चिंता नसावी. माझ्या गाडीचा लांब पल्ल्याचा आकडा गॅसवर अधिक २०च्या पुढे जात होता. मग स्विच दाबून गाडी पेट्रोलवर घेतली आणि कारेलीबागपर्यंत एक चक्कर मारली. आकडा हळूहळू उतरत ३-४वर आला. परत गॅसवर घेतली, परत वर चढला.

सेन्सर तर दोन्ही इंधनांना तोच. तो बिघडला असता तर पेट्रोलवरही बोंबलला असता. हवा आत गळत असती तरी पेट्रोलवर दिसलंच असतं. म्हणजे गोम गॅसच्या बाजूला, गॅसचा सिलिंडर ते इंजिनात गॅस सोडणारा इंजेक्टर यांच्या मध्ये कुठेतरी. हे अनुमान घेऊन किट बसवणाऱ्याकडे गेलो. त्याने गॅसचा छोटा फिल्टर उघडला. आतला कागद कॉम्प्रेसरच्या तेलाने काळाचिक्क होऊन चिकटलेला. बदलला, गॅसचा दाब उतरवणाऱ्या रिड्यूसरचं प्रेशर बघितलं, आणि बिल झालं काही शेकड्यांत. आकडा ६-७वर स्थिरावला. गॅसवर इतकं चालतं म्हणाला, आणि दिवा पुन्हा लागला नाही.

आमच्या नेहमीच्या मिस्त्रीला हे आवडलं नाही. माणूस हाताचा चांगला आहे. क्लच आणि सस्पेन्शन तो नुसत्या आवाजावरून सांगतो, आणि बहुतेकदा बरोबर सांगतो. पण गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून बोलायला लागलं की त्याचा चेहरा बदलतो. मला म्हणाला, "साहेब, मोबाइलमां बधुं आवे छे, पण पानुं तो मारे ज फेरववानुं ने!" मोबाइलमध्ये सगळं येतं, पण पाना शेवटी त्यालाच फिरवायचा, हे त्याचं म्हणणं खोटं नाही. तेव्हापासून मी एक पथ्य पाळतो: गॅरेजमध्ये निदान सांगायचं नाही, आकडा सांगायचा आणि विचारायचं. "गॅसवर एवढा, पेट्रोलवर एवढा, मग काय असेल?" असं विचारलं की तोही विचारात पडतो आणि सेन्सर बदलायची घाई करत नाही.

आत्तेभावाच्या सेडानचं काम याहून सोपं निघालं. गाडी मिसिंग मारत होती, कोड पी०३०३, म्हणजे तिसरा सिलिंडर नीट पेटत नाही. त्याला चारही प्लग आणि प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या चारही कॉइल बदलायला सांगितलं होतं. आम्ही तिसऱ्याची कॉइल काढून पहिल्यावर लावली, पहिल्याची तिसऱ्यावर, कोड उडवला आणि सुरसागर तलावाला एक वेढा घालून आलो. नवा कोड पी०३०१. बिघाड कॉइलबरोबर सरकला, म्हणजे दोषी कॉइलच. एक कॉइल घेतली, काम संपलं. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीतच हे जमतं आणि इंजिन थंड असताना करावं, एवढं लक्षात असू द्या.

व्होल्टेजचा आकडा पावसाळ्यात फार कामाचा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४च्या दरम्यान असावा. माझ्याकडे वायपर, हेडलाइट आणि एसी एकदम चालू केले की साडेबारावर घसरायचा. बॅटरी तर नवी होती. अल्टरनेटरचा पट्टा ढिला निघाला. उन्हाळ्यात कूलंटचं तापमान बघायची सवय लागते, ती मात्र फारशी चांगली नाही. अकोटा-दांडिया बाजार पुलावर गाड्या तुंबलेल्या असताना ९६, ९७, ९८ असे आकडे बघत बसलं की आपलंच डोकं तापतं. पंखा चालू झाला की ते उतरतात, सोडून द्यावं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. डबीचा सगळ्यात मोठा उपयोग मला जुनी गाडी बघताना झाला, आणि तिची मर्यादाही तिथेच कळली.

ऑगस्ट २०२४च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, हे बडोदेकराला सांगायला नको. समा, फत्तेगंज, अकोटा, कुठकुठल्या बेसमेंटमध्ये गाड्या छतापर्यंत बुडाल्या. गणपती तोंडावर आले होते आणि रस्त्यात आरासीच्या सामानाच्या टेम्पोंपेक्षा टो करून नेणाऱ्या क्रेन जास्त दिसत होत्या. त्यातल्या बऱ्याच गाड्या विम्यात निकालात निघाल्या, म्हणजे दुरुस्त करण्यापलीकडच्या ठरल्या. पण निकालात निघालेली गाडी भंगारात जातेच असं नाही. लिलावात घेऊन, धुऊन-पुसून, नवे सीट कव्हर घालून ती परत बाजारात येते. भाचीला पहिली गाडी घ्यायची होती, तिने फोन केला, "मामा, तुझी ती डबी घेऊन ये ना."

वाघोडिया रोडकडे एक गाडी बघितली. पॉलिश चकचकीत, किंमत बाजारापेक्षा बरीच कमी, दिवा कसलाच नाही. डबी लावली, कोड शून्य. इथे बहुतेक लोक खूश होऊन थांबतात. पण कोड तर कोणीही उडवू शकतो, माझ्या स्वस्त डबीनेही उडतात. म्हणून आणखी दोन गोष्टी बघायच्या. एक, कोड उडवल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हा आकडा बऱ्याच गाड्या देतात. तिथे होते १९. दुसरं म्हणजे रेडिनेस मॉनिटर. कोड उडवले की गाडी स्वतःच्या कॅटॅलिस्टच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या भागाच्या), ऑक्सिजन सेन्सरच्या वगैरे तपासण्या पहिल्यापासून सुरू करते, आणि त्या पुऱ्या व्हायला शहर-हायवे मिळून चांगलं धावणं लागतं. तिथे निम्म्याहून जास्त तपासण्या अपुऱ्या दिसत होत्या. थोडक्यात, पाटी नुकतीच पुसलेली होती. विचारल्यावर विकणारा म्हणाला, बॅटरी नवी घातलीय. आणि हे खरंही असू शकतं, बॅटरी काढली की बऱ्याच गाड्यांत हे सगळं पुसलं जातं. म्हणून एवढ्यावरून कोणाला लबाड ठरवू नये. "शंभरेक किलोमीटर चालवा, मग परत बघायला येतो," म्हणावं. ज्याच्याकडे लपवायला काही नाही तो हो म्हणतो.

पण त्या गाडीबद्दल खरं काय ते आकड्यांनी सांगितलंच नाही. सांगितलं सॉकेटने. डबी खुपसायला खाली वाकलो, मोबाइलचा टॉर्च मारला, तर पिनांवर हिरवट-पांढरा थर. तांब्या-पितळेला पाणी लागून वाळलं की चढतो तसा. सॉकेट असतं गुडघ्याच्या उंचीवर. तिथवर पाणी आलं असेल तर सीटखालचं वायरिंग बुडालेलंच असणार. मग ड्रायव्हरचा बेल्ट पार शेवटपर्यंत ओढला. वरचा भाग स्वच्छ, तळाच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ. बेल्ट धुणारे समोर दिसतो तेवढाच धुतात. सीटच्या रुळांचे स्क्रू गंजलेले, आणि स्टेपनी उचलली तर खाली बारीक गाळ. एसीला अत्तराचा वास, तोही जरा जास्तच. भाची एवढंच म्हणाली, "मामा, निघूया."

पाण्यात गेलेली गाडी बाजारात येते तोवर तिचं इंजिन बहुतेक सुरळीत चालत असतं, नाहीतर विकायला आणतील कशी? कोड कुठलाच येत नाही. त्रास सुरू होतो नंतर, जोडण्या गंजत जातात तसा. आज पॉवर विंडो, उद्या एअरबॅगचा दिवा. आणि एअरबॅग, एबीएस, बॉडी यांचे कोड या डब्यांना सहसा दिसतच नाहीत. त्यांना दिसतं ते इंजिन आणि धुराचं सर्वसाधारण दुखणं. कंपनीचे खास कोड, पी१ने सुरू होणारे, दिसले तरी अर्थ लागेलच असं नाही. टायर, ब्रेक, क्लच, शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांचं तिला काहीच कळत नाही. मीटर मागे फिरवलाय का, याचं उत्तरही तिच्याकडून मिळेल अशी आशा धरू नका. त्यासाठी सर्व्हिस रेकॉर्ड आणि पेडलचं रबर बघा.

तक्रार एकच, पण मोठी: डबी सॉकेटला कायम लावून ठेवायची नाही. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनेवर चावी काढल्यावरही वीज असते, आणि ब्लूटूथवाल्या डब्या ३०-४० मिलिअँपिअर खात बसतात. म्हणजे दिवसाला एक अँपिअर-अवर म्हणा. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, तीही जुनी असली, तर दिवाळीच्या सुट्टीत गावाला जाऊन आल्यावर गाडीला धक्काच मारावा लागेल. पुस्तिकेत याबद्दल अक्षर नाही. काही महागड्या डब्या आपोआप झोपतात, माझी तेवढी शहाणी नाही. दुसरी, जरा किरकोळ गोष्ट आयफोनवाल्यांसाठी. साधी ब्लूटूथ डबी आयफोनशी बोलत नाही. वाय-फायवाली किंवा ब्लूटूथ एलईवाली (कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथची) बघून घ्या. वाय-फायवाली जोडली की फोनचं इंटरनेट बहुधा जातं, तेव्हा कोडचा अर्थ शोधायला दुसरा फोन हवा.

गाडी वॉरंटीत असेल आणि सर्व्हिस सेंटरलाच जात असेल तर हा खर्च करू नका, काही उपयोग नाही. गाडी सात-आठ वर्षांची, बाहेरचं गॅस किट, ओळखीचं गॅरेज, किंवा जुनी गाडी शोधताय, असं काही असेल तर दोन हजार सत्कारणी लागतील.

सध्या माझ्या गाडीत पी०४२० येऊन बसलाय, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे तो धूर स्वच्छ करणारा भाग, थकल्याचा. मुंबईहून येताना एक्सप्रेस वेवर लागतो, शहरात आठवडाभर फिरवली की दिवा आपणहून विझतो. नव्या कन्व्हर्टरचा आकडा ऐकून मी फोन ठेवून दिला. पीयूसी व्यवस्थित पास होतेय, पिकअप आणि अ‍ॅव्हरेज जागच्या जागी आहे. आधी सायलेन्सरच्या जोडाला कुठे गळती आहे का ते बघून घेणार आहे, कारण कन्व्हर्टरच्या मागे बसवलेल्या दुसऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे हवा शिरली तरी हाच कोड येऊ शकतो. मिस्त्रीने रविवारी गाडी घेऊन या म्हटलंय.