स्ट्रायकर विरुद्ध ग्रॅपलर: एमएमएचे ग्लव्ज नेमके कुणाच्या सोयीचे?

मुंबईत धोबी तलावच्या खेळसामानाच्या दुकानांत एमएमए, म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्सचे ग्लव्ज मागितले की साधारण दोन प्रकार समोर येतात, ४ औंसांचे आणि ७ औंसांचे. पुढचा प्रश्न बहुधा रंगाचा असतो. खरं तर आधी हे ठरवायला हवं की सरावात समोर कोण उभं राहणार आहे: ठोसे-लाथांवर खेळणारा स्ट्रायकर, की पट काढून, म्हणजे पाय धरून, जमिनीवर नेणारा ग्रॅपलर. फोम जितका वाढतो तितकी ठोसे मारणाऱ्याची बोटं वाचतात आणि पकड घेणाऱ्याची पकड सुटते.

हा झगडा खेळाच्या पहिल्या रात्रीपासूनचा आहे. १९९३ साली डेन्व्हरला झालेल्या यूएफसी या एमएमए स्पर्धेच्या पहिल्या खेपेत बॉक्सर आर्ट जिमरसन एकाच हातात बॉक्सिंग ग्लव्ज घालून उतरला. रॉइस ग्रेसीने त्याला खाली घेतलं, छातीवर बसला आणि जिमरसनने हार मानली. दुसऱ्या हातातही ग्लव्ज असता तरी निकाल बदलला नसता, हा भाग वेगळा.

४ औंस म्हणजे एका हाताला सुमारे ११३ ग्रॅम. लढतीत साधारण हेच वापरतात, म्हणून विकतही हेच जास्त घेतले जातात, आणि सरावासाठी हीच चुकीची खरेदी ठरते. मुठीच्या गाठींवरचा फोम पातळ असतो. टांगलेल्या जड बॅगवर रोज हे घालून मारलं तर करंगळीमागच्या हाडाला धोका असतो. मुठीने मारताना सर्रास मोडणारं हाड तेच. बॅगसाठी १२ औंसांचे आणि उभ्याने स्पारिंगसाठी, म्हणजे सोबत्याशी सरावाच्या लढतीसाठी, १६ औंसांचे बॉक्सिंग ग्लव्ज वेगळे ठेवावेत. मात्र फक्त १६ औंसांवर तयार झालेल्या स्ट्रायकरची दुसरीच अडचण होते. मोठ्या ग्लव्जच्या आड तोंड लपवायची सवय लागते आणि लढतीत छोटी मूठ हातांमधल्या फटीतून थेट आत येते. म्हणून ४ औंसांची जोडी जवळ असावी, पण हलक्या हाताने बचाव घोटण्यापुरती.

मिश्र सरावासाठी, म्हणजे उभ्याने मारामारी, मग पट, मग जमिनीवरची झटापट, ७ औंसांचा ग्लव्ज बरा. वजन जवळपास २०० ग्रॅम, आणि फोम गाठींच्या पुढे बोटांच्या पहिल्या पेरावर उतरलेला. पण सगळे ७ औंस सारखे नसतात. अंगठ्यावर पूर्ण आवरण असलेली जोडी स्ट्रायकरला आवडते, कारण हुक, म्हणजे बाजूने मारलेला ठोसा, तिरका बसला तरी अंगठा मुरगळत नाही. ग्रॅपलरने ती घेऊ नये. गिलोटिन, म्हणजे समोरून मान काखेत धरून गळा आवळण्याचा डाव, लावताना मनगट हनुवटीखाली सरकवून दुसऱ्या हाताने ओढायचं असतं. तिथे अंगठ्याचं फुगीर आवरण अडकतं आणि तेवढ्या वेळात समोरचा मान काढून घेतो. रिअर नेकेड चोकमध्ये, म्हणजे मागून गळा आवळताना, तर दुसरा हात डोक्यामागे सारावा लागतो, फुगीर ग्लव्ज तिथे शिरतच नाही.

गिलोटिन फक्त ग्रॅपलरचं हत्यार आहे असंही समजू नये. २०१७ साली शांघायला भरत खंडारे यूएफसीत उतरला तेव्हा तो कुस्तीतून आलेला होता, आणि स्ट्रायकर सोंग यादोंगने त्याला गिलोटिननेच अडकवलं. पट काढायला डोकं खाली घालून आत शिरणाऱ्या मल्लाची मान आयती मिळते. म्हणजे स्ट्रायकरलाही तळवा मोकळाच हवा.

दुकानात तपासायचं ते असं. ग्लव्ज घालून मूठ आवळा आणि पहिल्या दोन गाठींकडे बघा. फोमची कड मनगटाकडे सरकून गाठी उघड्या पडत असतील तर जोडी परत द्या. स्वस्त मालात हा दोष फार. मग दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फोम जोरात दाबा. आतलं हाड सहज लागलं तर महिनाभरात तो आणखी बसणार. यानंतर दोन्ही तळवे एकमेकांत अडकवून ओढा. तळव्यावर शिवणीची गोळी झाली किंवा बोटांचे पट्टे रुतले तर पाच मिनिटांच्या राउंडमध्ये घाम आल्यावर पकड टिकणार नाही. मनगटाची पट्टी दोनदा फिरणारी असावी आणि तिचं टोक मऊ बाजूवरच संपावं. वेल्क्रोची खरबरीत कड बाहेर राहिली तर सोबत्याच्या मानेवर ओरखडे उठतात, आणि पुढच्या वेळी तो तुमच्याबरोबर जमिनीवर उतरायला कुरकुर करतो. जाड, फुगीर मनगटपट्टीचा तोटा ग्रॅपलरलाच: समोरचा मनगट धरून गळ्याची पकड सोडवतो तेव्हा त्या समोरच्याला धरायला आयती मूठ मिळते. समोरच्याच्या ग्लव्जच्या आत बोटं घालणं फाउल आहे, पण मनगट धरायला मनाई नाही.

सगळ्यात महत्त्वाची चाचणी हात सैल सोडल्यावरची. बोटं आपोआप आत वळली पाहिजेत. ताठ ग्लव्जमध्ये बोटं सरळ राहतात आणि अंतर राखायला हात पुढे केला की थेट डोळ्यात जातात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अबुधाबीत टॉम अॅस्पिनॉल आणि सिरिल गान यांची हेवीवेट लढत पहिल्याच राउंडमध्ये डोळ्यात बोट गेल्याने निकालाविना थांबली. यूएफसीने जून २०२४ मध्ये नवे ग्लव्ज आणून बघितले होते आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात जुन्यांकडे परत गेली. वळणदार साच्याची जोडी थोडी महाग पडली तरी तीच घ्यावी. इथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

ग्लव्जच्या आत हाताला कापडी पट्टी बांधायची तर ४.५ मीटरची बॉक्सिंगची पट्टी नको, तळव्यात गठ्ठा होतो. पावणेतीन-तीन मीटरची पुरते, तीही मनगटावर आणि गाठींवरच. माप घेताना अंगठा सोडून गाठींभोवतीचा घेर पट्टीसकट मोजा.

आता मुंबईची हवा. रेक्झिनचे, म्हणजे पीयू या कृत्रिम चामड्याचे ग्लव्ज इथल्या दमटपणात सोलपटतात. पापुद्रे आधी बोटांच्या घड्यांवर सुटतात, मग ते मॅटवर आणि सोबत्याच्या अंगावर चिकटतात. चामडं जास्त टिकतं, पण जुलै-ऑगस्टमध्ये बॅगेत बंद ठेवलं तर त्यावर बुरशी धरते. ओले ग्लव्ज तसेच ठेवून, वर तेच घालून जमिनीवर लोळलं की गजकर्ण अख्ख्या वर्गात फिरतं. सराव संपल्यावर लगेच ओल्या फडक्याने आतबाहेर पुसून, मनगटाची पट्टी पूर्ण उघडून, पंख्याखाली टांगावेत. आत वर्तमानपत्राचे बोळे घातले तर तासा-दोन तासांनी काढून टाका, नाहीतर तेच ओल धरून बसतात. कडक उन्हात नकोत. चामडं तडकतं आणि फोम कडक होतो.

एकच जोडी घ्यायची तर ७ औंस, मोकळा अंगठा, उघडा तळवा, वळणदार साचा. फक्त उभ्याने खेळणाऱ्याने या भानगडीत न पडता १६ औंसांचे बॉक्सिंग ग्लव्ज घ्यावेत. लहान हातांसाठी, विशेषतः मुलींसाठी, मीडियमवर भागवू नका. बोटांचे पट्टे सैल राहिले की फोम मुठीवर फिरतो आणि वर सांगितलेला गाठी उघड्या पडण्याचा दोष चांगल्या जोडीतही येतो. स्मॉल किंवा एक्स्ट्रा स्मॉल मागवून घ्यायला सांगा, आणि आल्यावर मूठ आवळून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.