उल्म स्टूल: तीन फळ्या, एक दांडा आणि नागपूरचा उन्हाळा

जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन शाळेसाठी माक्स बिल आणि हान्स गुगेलोट यांनी 1954 साली हे स्टूल आखलं. तीन फळ्या आणि खाली एक गोल दांडा, बस्स. विद्यार्थी त्यावर बसायचे, उलटं करून त्यात पुस्तकं भरायचे आणि दांड्याला धरून वर्गात न्यायचे. उंची 44 सेंमी, रुंदी 39.5, खोली 29.5. आडवं केलं की साडेचार सेंमीनं बुटकं होतं. शेजारी कॉफी ठेवायला तीच उंची बरी.

मूळ स्टूल स्प्रूस या हलक्या लाकडाचं, दांडा बीच या कडक लाकडाचा. नागपूरच्या लकडगंजातून सागवान आणून सुताराकडून ते छान बनतं, पण वजन जवळपास दीडपट होतं. सहज उचलता येणं हा याचा मोठा गुण आहे, तेव्हा फळी पाऊण इंचापेक्षा जाड नको.

खरी कसोटी बैठकीच्या दोन्ही कडांना असलेल्या दातेरी जोडाची. लाकडाच्या रेषा एका बाजूनं वर चढतात, बैठकीवरून आडव्या जातात आणि दुसऱ्या बाजूनं खाली उतरतात. मे महिन्यात लाकूड आटतं ते रेषांच्या आडवं. त्यामुळे तिन्ही फळ्या खोलीच्या दिशेनं सारख्याच आटतात आणि दाते एकमेकांत घट्ट राहतात. किती सुंदर विचार आहे हा! मात्र एक फळी ओली आणि दोन सुक्या असतील, तर पहिल्याच उन्हाळ्यात फट पडते. तिन्ही फळ्या एकाच ओंडक्याच्या, नीट वाळलेल्या मागा. प्लायला खिळे मारून सनमायका चिकटवलेली नक्कल घेऊच नका.

दांडा नुसत्या फेव्हिकॉलवर सोडू नये. स्टूल आडवं करून बसलं की एका टोकाचा भार त्याच्यावरच येतो. दांडा फळीच्या आरपार काढून टोकाला चीर द्यावी आणि पाचर फळीच्या रेषांना आडवी ठोकावी. रेषांच्या दिशेनं ठोकली तर फळी चिरते. पायांखाली मुळात बीचच्या पट्ट्या असतात. सागवानातही त्या लावा, नाहीतर फरशी पुसताना उघडी टोकं पाणी पितात. कूलरच्या थेट झोतासमोरही स्टूल ठेवू नका.

बैठक सपाट आणि कडक आहे, दिवसभराच्या कामाला नाही. आणि पंखा पुसायला यावर चढू नका, 29.5 सेंमी खोलीवर पुढे वाकलं की तोल जातो.