एजन्सीच्या साइटसाठी वर्डप्रेसची फुकट ब्लॉक थीम: सात-आठ महिने वापरल्यावर

नाशिकला आमची छोटी डिझाइन-मार्केटिंग एजन्सी आहे. दिवाळीनंतर जुनी साइट काढून टाकली आणि वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर ट्वेंटी ट्वेंटी-फोर ही फुकटातली ब्लॉक थीम, म्हणजे तुकडे जुळवून पानं रचायचा तयार साचा, घेऊन नवी उभी केली. जुनी दिसायला भारी होती, स्क्रोल केलं की अक्षरं उडत यायची वगैरे, पण एक फोटो बदलायचा तरी डेव्हलपरला फोन आणि त्याचं ठरलेलं उत्तर, उद्या बघतो सर. आता आमची ज्युनिअर पोरगी जेवण झाल्यावर बसते आणि चहा येईपर्यंत नवं काम चढवून मोकळी होते. माझ्यासाठी पैसे तिथेच वसूल.

सगळ्यात जास्त चाललंय ते एका मसालेवाल्या क्लायंटच्या पाकिटाचं पान. आधी नुसते चकाचक मॉकअप (डिझाइनची नमुनाचित्रं) टाकायचो. आता वर जुनं पाकीट, खाली नवं, मध्ये चार ओळी: किराणा दुकानात सगळीच पाकिटं लाल, त्यात यांचं दिसायचंच नाही, म्हणून पिवळं केलं आणि तिखट किती ते समोरच मोठं छापलं. फोन करणारे सरळ म्हणतात, ते पिवळ्या पाकिटासारखं करायचंय. ‘आमच्याविषयी’ पान मात्र कुणी ढुंकून बघत नाही, उगाच दोन आठवडे त्यावर भांडलो.

पॅकेजिंग कितीपासून सुरू होतं तेही लिहून टाकलं. पार्टनरचा कडाडून विरोध होता, पण नुसतं कोटेशन घेऊन गायब होणारे खरंच कमी झाले. फॉर्ममध्ये फक्त नाव, फोन आणि काम काय एवढंच ठेवलंय, शेजारी व्हॉट्सॲपचं बटण, आणि खरं सांगायचं तर लोक बटणच दाबतात.

स्पीडचं म्हणाल तर गूगलच्या हिशोबाने मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसायला हवा. फोटो वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये टाकले (वर्डप्रेस ५.८ पासून ते थेट घेतं), मुक्ता फॉन्टची दोनच वजनं (अक्षरांच्या जाड्या) ठेवली, कारण जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल जडच असते, आणि मोबाइलवर बसलं एकदाचं.

त्रास पण आहेत. साइट एडिटर (सगळ्या साइटची मांडणी बदलायची जागा) सुरुवातीला डोकं खातो, एका पानाचा फूटर, म्हणजे तळाचा पट्टा, बदलायला जावं तर सगळीकडचा बदलतो. स्वस्तातल्या होस्टिंगवरून फॉर्मचे मेल स्पॅममध्ये जायचे, एसएमटीपी प्लगइन (खऱ्या मेल खात्यातून मेल पाठवणारी जोडणी) टाकल्यावर थांबलं. आणि मराठी शीर्षक दिलं की लिंकही मराठीत बनते, ती व्हॉट्सॲपवर पेस्ट केली की टक्क्यांच्या चिन्हांची ही लांबलचक शेपटी, म्हणून स्लग (लिंकचा शेवटचा भाग) रोमन अक्षरांत हातानेच टाइप करतो.

पॅकेजिंग, ब्रँडिंग, सोशल मीडिया करणाऱ्यांनी डोळे झाकून घ्या. मोशनवाल्यांना (हलती ग्राफिक्स करणाऱ्यांना) मात्र उडती अक्षरं दाखवूनच कामं मिळतात, त्यांना ही थीम तोकडी पडेल.