गरीचा चारा घरी साठवणे: व्हॅक्यूम मशीन, जाडं मीठ आणि नऊ महिने

गरवायचा, म्हणजे गरीने (गळाने) मासे धरायचा नाद जुना आहे, चारा साठवायचं वेड मात्र गेल्या वर्षी लागलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी. त्या ६१ दिवसांत रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर ताजे पेडवे नि तारली, ही चाऱ्याची छोटी तेलकट मासळी, जवळपास दिसतच नाहीत. आणि नेमकं तेव्हाच, काजळी नदीचं गढूळ पाणी भाट्याच्या खाडीत उतरलं की शिंगाळे आणि तांबोशी हे मोठे मासे खायला उठतात. बाजारात बर्फातली कोळंबी असते, पण खायच्या भावाने आणून ती गरीला लावायची म्हणजे जिवावर येतं. वरून तिचं डोकं तोवर काळं पडलेलं.

म्हणून नोव्हेंबरात साडेतीन हजारांचं व्हॅक्यूम मशीन मागवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतली सगळी मशीनं साधारण एकाच जातीची दिसली. सोबत एक रोल पिशव्या आल्या. पहिल्याच रविवारी दोन किलो पेडवे आणले, धुतले, पिशवीत भरले, बटण दाबलं. मशीनने हवा ओढली, हवेसोबत माशाचं पाणीही ओढलं, आणि जिथे पिशवी चिकटायची तिथेच ते पाणी येऊन बसलं. सील धरेना. दहापैकी चार पिशव्या दुसऱ्या दिवशी ढिल्या. डिसेंबरात त्यातली एक काढली तर पेडवे पिवळट आणि खवट. गरीवर लावून फेकले की पाण्यावर आदळताच पोट फुटायचं आणि नुसती गरी खाली जायची.

हे का होतं ते नंतर कळलं. माशाच्या मांसात पाणी भरपूर. फ्रीझरमध्ये त्याचे बर्फाचे सुईसारखे कण होतात आणि मांस आतून फाडतात. मग वितळल्यावर मासा म्हणजे लगदा. पेडवा-तारलीत तेलही जास्त, त्याला हवा लागली की खवट वास येतो. मशीन हवा काढतं, मांसातलं पाणी काढत नाही.

पाणी काढायचं काम मिठाचं. हे मला जेटीवरच्या मावशीने सांगितलं, तेही हसत. "खारा बांगडा खातोस मां? मग इचारतोस काय? मीठ लाव आणि पाणी व्हाऊ दे. पाण्यात बसवलंस तर कुजणार." त्यातलं 'पाणी व्हाऊ दे' मी पहिल्या खेपेला कानाआड केलं. पेडवे बंद डब्यात मीठ घालून ठेवले. चोवीस तासांनी सगळे आपल्याच पाण्यात पोहत होते, वरचे कडक, खालचे गिळगिळीत.

आता जे करतो ते असं. पेडवे पहाटे घ्यायचे, घरी येईपर्यंत बर्फात. नळाच्या पाण्याने धुवायचे नाहीत, बाटलीतून खारं पाणी भरून आणतो त्यातच विसळायचे. भाजी निथळायची प्लास्टिकची जाळीची टोपली, खाली परात. ॲल्युमिनियमची परात नको, माझी मिठाने खाल्ली, तळाला पांढरे डाग पडून खडबडीत झाली आहे. टोपलीत मिठाचा थर, त्यावर माशांचा, पुन्हा मीठ. किलोला साधारण अर्धा किलो जाडं मीठ लागतं. बारीक मीठ घेऊन बघितलं, ते लगेच विरघळून खाली जातं. वर झाकण, आणि टोपली फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. दुसऱ्या दिवशी परातीत लालसर पाणी साठतं, ते ओतायचं, मासे उलटायचे, ताजं मीठ. अठ्ठेचाळीस तासांनी पेडवा शेपटीला धरून उभा धरला तर लोंबत नाही, किंचित वाकतो. बोटाने दाबला तर ओल्या चामड्यासारखा लागतो. तिथे थांबायचं. मी एकदा लोभाने पाच दिवस ठेवले तर सुकी मासळी तयार झाली. खायला बरी, गरीला निरुपयोगी, कारण त्यातून रसच सुटत नाही.

मिठाचा एक फायदा माझ्या ध्यानीमनी नव्हता. मिठाने तुडुंब भरलेलं पाणी उणे २१ अंशांच्या आसपास गोठतं, घरचा फ्रीझर उणे १८ ला असतो. त्यामुळे नीट खारवलेला मासा दगड होत नाही. पिशवीतून दोन हवे असले तर दोनच सुटे काढता येतात, बाकीचे परत आत.

मग मशीन कशाला, असं कुणी विचारेल. खारवलेल्या तारलीला तीन महिन्यांच्या वर टिकवायचं तर उपयोग होतो, बोयीला (हा खाडीतला मासा) फारसा नाही. मात्र भरताना पिशवीच्या तोंडाला मिठाचा एक कण जरी चिकटला तर सील धरत नाही. मी तोंड बाहेर दुमडून मासे भरतो आणि मग कपड्याने पुसतो. मासे ताटलीत पसरून तासभर आधी गार करून घेतले तर पाणी ओढलं जात नाही. कोळंबीच्या डोक्याचं टोक पिशवीला भोक पाडतं, ते आधी मोडायचं. मशीनच्या रबरी पट्टीला जूनमध्येच चीर गेली. तक्रार केली तर "उत्पादन वॉरंटीत आहे पण पट्टी नाही" असं उत्तर. सध्या पट्टीच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा आहे, आणि खरं सांगायचं तर तो बरा चालतो.

कुठला चारा कसा निघाला? माकुल (स्क्विड) सगळ्यात गुणी. त्याला मीठही लागत नाही, नुसतं गोठवलं तरी वितळल्यावर तसंच चिवट राहतं. बोयीच्या खारवलेल्या पट्ट्या दुसऱ्या नंबरवर, गरीवरून निसटत नाहीत. पेडवे तिसरे, पण तांबोशीला वास त्यांचाच आवडतो, म्हणून मी ते शिवणाच्या दोऱ्याचे चार वेढे मारून बांधतो. कोळंबीने निराश केलं, मीठ लावूनही काळी पडते आणि आक्रसते. लावण्याआधी चारा पंधरा मिनिटं खाडीच्या पाण्यात भिजवला तर जरा जिवंत होतो. ताज्याची सर नाही येत. ताज्या बोयीला जिथे दहा मिनिटांत झटका बसतो तिथे खारवलेल्याला अर्धा तास बसून राहायला लागतं. पण केंड मासे आणि कुर्ल्या (खेकडे) ताजा चारा दोन मिनिटांत कुरतडून नेतात, खारवलेला त्यांना तितका सहज तुटत नाही, हेही आहेच. रात्रीच्या भरतीला गरी टाकून चहा प्यायचा असेल तर मी खारवलेलाच लावतो.

जुलैतल्या वादळात आमच्याकडे दीड दिवस वीज नव्हती. नुसत्या गोठवलेल्या कोळंबीच्या पिशव्या फुगून उशा झाल्या, बायकोने पूर्ण फ्रीज व्हिनेगरने पुसला आणि दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलली. खारवलेल्या पेडव्यांना काही झालं नव्हतं.

दुसरा प्रसंग जास्त लाजिरवाणा. आईने तिखल्यासाठी म्हणून फ्रीझरमधून माझीच पिशवी काढली. कोकम, मिरची, तिरफळं, सगळं पडलं होतं टोपात. पहिला घास घेऊन तिने माझ्याकडे बघितलं. "काय रे, समुद्र ओतलास की काय यात?" तेव्हापासून प्रत्येक पिशवीवर मार्करने 'गरीचे' लिहितो, आणि कप्पाही वेगळा केलाय.

कुणी फॉर्मॅलिन, म्हणजे मृतदेह टिकवायचं विषारी रसायन, सुचवतं. नको. २०१८ च्या जुलैत गोव्यात त्यावरून बाहेरची मासळी बंद करायची वेळ आली होती, आणि ज्या हाताने चारा लावायचा त्याच हाताने आपण वडापाव खातो.

घ्यायचं का मशीन? महिन्यातून एकदा गरवायला जाणाऱ्याने घेऊ नये. त्या पैशात जाड्या मिठाच्या गोणी येतील आणि साध्या झिपच्या पिशवीतून हवा दाबून काढली तरी दोन महिने निभतं. बंदीच्या काळासाठी पाच-सहा किलो भरून ठेवणाऱ्याला परवडेल, मात्र रोलचा खर्च धरून चाला.

आता बंदी उठली आहे, जेटीवर ताजे पेडवे येतात. फ्रीझरमध्ये बोयीच्या तीन पिशव्या उरल्यात. परवा आईने चार बांगडे आणले आणि माझी जाळीची टोपली विचारून घेतली. म्हणाली, ते पाणी निथळायचं बरं आहे, हे तिच्या खाण्याचे आहेत, मी हात लावायचा नाही.