एएच३६ जहाजबांधणी प्लेट: ताकद पुरेपूर, पण जागा पाहून वापरावी

व्यापारी जहाजांच्या सांगाड्यासाठी सर्वाधिक मागणी असलेल्या पोलादी प्लेटांमध्ये एएच३६ आणि तिची भावंडे डीएच३६ व ईएच३६ यांचा क्रमांक वरचा आहे. साध्या ए ग्रेडची यील्ड स्ट्रेंथ (ज्या ताणापुढे पोलाद कायमचे वाकू लागते) किमान २३५ मेगापास्कल, तर या प्लेटची ३५५. त्यामुळे तोच भार कमी जाडीत पेलता येतो आणि जहाजाचे स्वतःचे वजन घटते. १० मिलिमीटर जाडीची प्लेट चौरस मीटरला ७८.५ किलो भरते, तेव्हा डेकवर दोनच मिलिमीटर वाचले तरी एकूण किती टनांचा फरक पडेल, हे सांगायला नको.

डेक आणि तळ या ठिकाणी ही प्लेट पैसे वसूल करते, कारण लाटांवर जहाज वाकते तेव्हा सर्वाधिक ताण याच दोन ठिकाणी येतो. मोठ्या कंटेनर जहाजांच्या हॅच कोमिंगला (माल उतरवण्याच्या तोंडाभोवतीच्या उभ्या कडेला) मात्र तीही अपुरी पडते आणि तिथे ४६० मेगापास्कलची ईएच४७ प्लेट लावावी लागते.

तक्रार आहे ती हीच प्लेट सरसकट लावण्याबद्दल. यील्ड वाढली तरी पोलादाचा ताठपणा तेवढाच राहतो, म्हणून पातळ केलेली प्लेट दाबाखाली लवकर बकल होते, म्हणजे फुगून वाकते. गंजण्याचा वेगही तोच असल्यामुळे दोन मिलिमीटर झिजल्यावर पातळ प्लेटचे नुकसान प्रमाणाने जास्त होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेल्डची फटीग (पुन्हा पुन्हा येणाऱ्या ताणाने येणारा थकवा) सहन करण्याची क्षमता प्लेटच्या ग्रेडबरोबर वाढत नाही. १९८०च्या दशकात बांधलेल्या काही महाकाय तेलवाहू जहाजांत बाजूचे लाँजिट्यूडिनल (लांबीच्या दिशेने जाणारे आधारपट्टे) उच्च ताकदीच्या पोलादाचे केले गेले आणि काही वर्षांतच त्यांच्या जोडांपाशी तडे दिसू लागले. अशा जागी साधी, जाड प्लेटच बरी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्रेडच्या पहिल्या अक्षराकडे खरेदी करणारे अनेकदा काणाडोळा करतात. एएच३६ची आघात चाचणी शून्य अंशावर होते, डीएचची उणे २० आणि ईएचची उणे ४० अंश सेल्सिअसवर. ताकद तिन्हींची सारखीच, फरक आहे तो थंडीत ठिसूळ न होण्याचा. १६ जानेवारी १९४३ रोजी स्केनेक्टडी हे तेलवाहू जहाज धक्क्याला उभे असताना, शांत पाण्यात, मधोमध मोडले होते. जाड प्लेट आणि थंड समुद्र अशी जोडी असेल तर या अक्षरावर काटकसर करू नये.

हाताळणीच्या दृष्टीने टीएमसीपी पद्धतीने (तापमान काटेकोर राखून रोल करून) तयार केलेली प्लेट मला अधिक पसंत आहे. तिचा कार्बन समतुल्यांक (वेल्डजवळ पोलाद किती कडक होईल याचे माप) कमी असल्याने वेल्डिंगपूर्वी फारसे तापवावे लागत नाही. वाकलेली प्लेट ज्योतीने सरळ करताना मात्र तापमानाची मर्यादा पाळावीच लागते, कारण नियंत्रित रोलिंगने मिळालेली ताकद अतिउष्णतेने निघून जाते. माल उतरवताना कोपऱ्यावर ठोकलेला हीट नंबर (पोलादाच्या ओतणीचा क्रमांक) कारखान्याच्या मिल सर्टिफिकेटशी ताडून पाहावा आणि प्लेट कापण्याआधी तो उरणाऱ्या तुकड्यावरही उतरवून घ्यावा. नंबर नसलेला तुकडा गोदामात कितीही चांगला दिसला तरी हलच्या (जहाजाच्या कवचाच्या) कामाला निरुपयोगी. शॉप प्रायमरचा (आधीच दिलेल्या गंजरोधक रंगाचा) थर जाड बसला असेल तर फिलेट वेल्डमध्ये (कोपऱ्यातील जोडात) छिद्रे पडतात, तेही तपासावे.

समुद्रातील तेल-वायू प्लॅटफॉर्मसाठी हीच प्लेट जशीच्या तशी सुचवणार नाही. जहाज ठरावीक काळाने डॉकमध्ये येते. रोवलेला प्लॅटफॉर्म जागेवरच राहतो आणि त्याची दुरुस्ती पाण्याखाली करावी लागते. तिथे जाड नोड जोडांत (जिथे अनेक नळ्या एकत्र येतात) प्लेट जाडीच्या दिशेने ओढली जाते आणि आतील सपाट अशुद्धींमुळे थराथरांत फाटू शकते, म्हणून झेड३५ दर्जाची (जाडीच्या दिशेने ओढून तपासलेली) प्लेट मागवावी. उत्तर समुद्रातील अलेक्झांडर किलंड हा तरंगता प्लॅटफॉर्म २७ मार्च १९८० रोजी उलटून १२३ जणांचा जीव गेला, तेव्हा तड्याची सुरुवात हायड्रोफोनच्या (पाण्याखालील आवाज टिपणाऱ्या यंत्राच्या) आधारासाठी केलेल्या एका किरकोळ फिलेट वेल्डपाशी झाली होती. म्हणून प्लॅटफॉर्मच्या मागणीपत्रात मुख्य प्लेटांइतकीच काटेकोर अट अशा जोडतुकड्यांच्या पोलादालाही घालावी. बहुतेक मागणीपत्रांत तीच राहून जाते.