दुधाविना भोपळ्याचं सूप: ओव्हन की कुकर, नारळ की काजू?

लाल भोपळ्याचं सूप व्हीगन, म्हणजे दूध-तुपासकट कोणताही प्राणिज पदार्थ न घालता, करायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो क्रीमऐवजी काय घालायचं हा. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. आधी ठरवायला हवं भोपळा शिजवायचा कसा. भोपळ्यात पाणी भरपूर असतं, आणि ते आटलं नाही तर वरून काहीही घाला, सूप मिळमिळीतच लागतं. म्हणून तुलनाही त्याच क्रमाने करते.

त्याआधी भोपळ्याबद्दल थोडक्यात. मंडईत फोडीवर मिळणारा आपला लाल भोपळा बहुतेक वेळा कुकुर्बिटा मोशाटा या जातीचा असतो. बटरनट स्क्वॉशही त्याच जातीचा, फक्त त्याचा गर जास्त घट्ट, धागे कमी, आणि साल सोलाण्याने सहज निघते. अमेरिकेत किंवा इंग्लंडात राहत असाल तर ऑक्टोबरपासून बटरनट स्वस्त आणि चांगला मिळतो, तोच घ्या. पुण्या-मुंबईत मात्र त्याच्यासाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही. फोड घेताना गर गडद केशरी हवा, सालीत नख रुतायला नको आणि बिया भरलेल्या हव्यात. फिकट पिवळी, पाणी सुटलेली फोड तिथेच ठेवा, तिचं सूप होत नाही.

आता शिजवणं. ओव्हन असेल तर 200 अंश सेल्सिअसवर, सालीसकट, तेल-मीठ चोळून साधारण 40 मिनिटं. कडा तपकिरी होतात, पाणी उडून जातं, गोडवा दाट होतो आणि साल चमच्याने आपोआप सुटते. सोबत लसणाचा अख्खा गड्डा ठेवला तर तोही लोण्यासारखा मऊ होतो. चवीच्या बाबतीत याला तोड नाही. पण छोट्या ओटीजीत (ओट्यावरच्या लहान ओव्हनमध्ये) अर्धा किलो फोडी दाटीवाटीने बसतात, त्या भाजल्या जाण्याऐवजी वाफवल्या जातात, आणि वीज खर्च होते ती वेगळीच.

कुकर याच्या अगदी उलट. दोन शिट्ट्यांत काम होतं, पण चव उकडलेल्या भोपळ्याची येते. कुकरच लावायचा असेल तर फोडी डब्यात, वरून पाण्याचा थेंबही न घालता ठेवा. आजारी माणसाला किंवा लहान मुलाला द्यायचं असेल तर ही साधी, सौम्य चव चांगलीच.

माझी निवड तिसरी आहे: जाड बुडाची कढई. दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं तेल तापवून अर्धा किलो सोललेल्या फोडी पसरायच्या आणि मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं अजिबात हलवायच्या नाहीत. खालून डाग पडले की उलटायच्या. मग एक चिरलेला कांदा, पाच-सहा लसूण पाकळ्या, पेरभर आलं, मीठ घालून, आच कमी करून झाकण ठेवायचं. दहा-बारा मिनिटांत फोड उलथन्याने दबते. आता झाकण काढून सुटलेलं पाणी आटू द्या, तळाला चरचर ऐकू येईपर्यंत. तळाला जो तपकिरी थर धरतो तो जपा. अडीच वाट्या गरम पाणी घालून तो खरवडून घेतला की ओव्हनची बरीचशी चव अर्ध्या तासात पदरात पडते. साध्या पाण्याऐवजी भोपळ्याच्या मधले धागे आणि बिया उकळून गाळलेलं पाणी वापरलं तर फारच छान.

दाटपणासाठी खरी निवड नारळाचं दूध आणि काजू यांत आहे. नारळाच्या दुधाने सुपाला स्वतःचा स्वभाव येतो. आलं, हिरवी मिरची, गवती चहा, लिंबू यांच्याशी त्याचं उत्तम जमतं. घरी काढत असाल तर पातळ दूध आधी, पाण्याच्या जागी घाला, आणि जाड दूध शेवटी मंद आचेवर. खळखळून उकळलं की ते फाटतं. काजू मात्र भोपळ्याच्या चवीत ढवळाढवळ करत नाहीत. क्रीमच्या सुपाची सवय असलेल्या पाहुण्यांना फरक कळू नये असं वाटत असेल तर काजूच घ्या: दहा-बारा काजू अर्धा तास गरम पाण्यात भिजवून अगदी गंधासारखे वाटा. एक सावधगिरी, काजू मिरपुडीचा तिखटपणा दाबतात, त्यामुळे मिरी थोडी चढी ठेवा आणि पाहुण्यांना काजूचं वावडं नाही ना, हे आधी विचारून घ्या.

दोन्ही नको असतील तर मूठभर मसूर डाळ भोपळ्याबरोबर शिजवा. पोटभरीचं होतं आणि खर्चही नगण्य. शेंगदाण्याचं कूट मी घालणार नाही, त्याने सुपाची आमटी होते. मात्र फोडणीतलं तेल पूर्ण वगळू नका. भोपळ्याला केशरी रंग देणारं बीटा कॅरोटीन अंगी लागायला थोडी चरबी लागते.

खरेदी करताना नीट पाहावं अशी एक गोष्ट आहे. नारळाच्या दुधाच्या तयार पावडरीत बऱ्याचदा सोडियम केसिनेट असतं, आणि ते दुधातलं प्रथिन आहे. पाकिटावरचा हिरवा ठिपका फक्त शाकाहारी असल्याचं सांगतो, दूध त्यात चालतं. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचे 2022 चे वेगळे नियम आहेत आणि त्यांचं ‘व्ही’ अक्षराचं हिरवं चिन्हही वेगळं आहे. ते दिसलं नाही तर घटकांची यादी वाचा. सुपाच्या तयार क्यूबनाही हेच लागू.

वाटताना घाई नको. गरम भोपळा मिक्सरच्या भांड्यात काठोकाठ भरला तर वाफेने झाकण उडतं आणि हात भाजतो. कोमट होऊ द्या, भांडं निम्मंच भरा. शेवटी अर्ध्या लिंबाचा रस हवाच; आंबटपणाशिवाय भोपळ्याचा गोडवा दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला नकोसा होतो.

थोडक्यात, रोजच्या रात्रीसाठी कढई आणि नारळ, पाहुण्यांसाठी ओव्हन आणि काजू. उरणार असेल तर नारळाचं दूध किंवा काजू घालण्याआधीच निम्मं बाजूला काढून फ्रीझरमध्ये ठेवा, आणि खायच्या दिवशी गरम करून मग ताजं नारळाचं दूध किंवा वाटलेले काजू मिसळा.